दत्ताचे सांधे

४ सप्टेंबर २०१८, मंगळवार

आज पुन्हा सातवर पडली. मालगाडी, तिसरा डबा. मागच्या मंगळवारी दुसरा होता, म्हणजे प्रगती आहे.

दत्ता (यापुढं द., पूर्ण नाव लिहून शाई कशाला घालवा) तासभर सात नंबरच्या सांध्यावर, गाडी रूळ बदलते तिथं, वाकून बसला होता. म्हणाला, "तुझ्या डब्याची चाकं खराब हायत." चाकं मी कालच व्हर्निअर लावून तपासलीत. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये १४.४ मिलिमीटर, सगळ्या डब्यांची. एरवी मी हे ऐकवलं असतं. गच्चीवरच्या या खोलीत, प्लायवूडवरच्या या छोट्या रेल्वेत, बावीस वर्षं हेच चाललंय. इंजिनं, डबे, वायरिंग माझं, रूळ आणि सांधे त्याचे. गाडी पडली की तो चाकांना नावं ठेवतो, मी सांध्याला. मग झुबेदा चहा पाठवते आणि भांडण संपतं.

आज मी सांध्याला नाव ठेवलं नाही. डाग देताना त्याचा उजवा हात बघितला. सोल्डरिंगचं टोक रुळावर टेकवून धरायचं असतं, ते टकटक वाजत होतं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि मग डाग दिला. मी खिडकीतून मंडईकडं बघत राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं.

५ सप्टें., बुध

फजरची नमाज झाली, झोप येईना, वर गेलो. सात तपासला.

चेक रूळ अर्धा मिलिमीटर लांब बसलाय. चेक रूळ म्हणजे चाकाला आपल्याकडं ओढून धरणारा धाकटा रूळ. तो लांब गेला की चाक मोकळं सुटतं, समोरच्या क्रॉसिंगच्या नाकावर, दोन रूळ टोकाला मिळतात तिथं, चढतं आणि खाली. शिवाय जीभ, म्हणजे गाडीची वाट बदलणारा सरकता रूळ, मुख्य रुळाला टेकत नाही. पतंगाचा कागद मधून आरपार जातो. हा कागदाचा हिशेब द.चाच. कागद अडकला तरच सांधा लागला म्हणायचं, नाहीतर गाडीला पुढं यायचा हात दाखवायचा नाही.

इतकी ढोबळ चूक द. करत नाही. एकतीस वर्षं रेल्वेत सांधेवाला होता. आमच्या कारखान्याच्या सायडिंगला मालाच्या वाघिणी आल्या की तो यायचा, तिथंच ओळख झाली. त्याच्या सांध्यावर एक चाक कधी पडलं नाही, हे त्यानं मला कमीत कमी पाचशे वेळा सांगितलंय.

आमचा पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. ज्यानं सांधा बसवला, त्यालाच त्याला हात लावायचा. दुसऱ्यानं फक्त सांगायचं. हाही रेल्वेतलाच. लावलेल्या सांध्याला दुसऱ्याचा हात लागला, तर उद्या जाब कुणी द्यायचा?

मी कानस घेतली. चेक रुळाला पितळेची पट्टी डागली, जिभेचं टोक घासून पातळ केलं. एक डबा बोटानं ढकलून बघितला, दहा वेळा पुढं, दहा वेळा मागं. एकदाही पडला नाही.

द.चा डाग जाड असतो, माझा बारीक. ओळखू येईल म्हणून मुद्दाम जाड दिला. आयुष्यभर टूलरूममध्ये साफ काम केलं, आता म्हातारपणी मुद्दाम घाण करायला शिकतोय.

६ सप्टें., गुरु

द. आला. खराडीहून बस, दीड तास, वर तीन जिने. आल्या आल्या मालगाडी सोडली. सातवरून सरळ गेली. परत गेली. तो खुर्चीत बसला आणि गाडी बघत राहिला. मग म्हणाला, "परवा घाईत होतो. नीट बसला हुता, उगं संशय घेतला." मी म्हणालो, "मग माझी चाकं चांगली आहेत म्हण." "चाकं वाईटच हायत. सांधा चांगला म्हनून चालली."

खूप हसलो दोघं. संध्याकाळी वाईट वाटत राहिलं.

११ सप्टें., मंगळ

द.ने चार आणि नऊ 'दुरुस्त' केले. दोन्ही आधी बरे होते.

उजवा हात तो आता खिशात ठेवतो. चहा डाव्या हातानं घेतो. विचारलं तर म्हणाला, खांदा धरलाय.

१२ सप्टें., बुध

चार आणि नऊ केले. पावणेदोन तास. झुबेदा वर आली, "क्या सुबह सुबह लेके बैठे जी?" म्हणालो, रूळ साफ करतोय. तिनं हातातली कानस बघितली आणि खाली गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात खोटं बोलायला जमलं नाही ते नाहीच.

१८ सप्टें., मंगळ

गणपती. रस्ते बंद, द. येणार नाही. ढोलांनी खोलीचा पत्रा थरथरतोय, रुळांवरचे डबे आपोआप इंचभर सरकतात.

वेळ मिळाला तसे बाराच्या बारा सांधे कागद घालून बघितले. सात, चार, नऊ माझे झालेत. अकरा वाईट. दोन वाईट. दोन नंबर तर त्यानं मार्चमध्ये बसवला होता. म्हणजे हे मार्चपासून आहे. मार्चपासून मी काय बघत होतो? प्लायवूड पावसाळ्यात फुगतं, त्यामुळं गाडी पडते, असं मीच त्याला सांगत होतो. त्यालाही ते पटत होतं.

अकरा आणि दोन केले.

२७ सप्टें., गुरु

दुपारी मनीषाचा फोन. द.ची सून, खराडीतच कंपनीत आहे, बोलते नेमकं.

"काका, एक विचारू? बाबांचा हात थरथरतोय असं मला वाटतंय. अमोलला म्हटलं डॉक्टरला दाखवू, तर बाबा चिडले. म्हणाले, रफिककडं जाऊन माझं काम बघून ये. केसाएवढं बारीक काम करतो मी, आणि तुम्ही मला पेशंट करताय. म्हणून तुम्हालाच फोन केला. त्यांचं काम बरोबर होतंय का?"

मी म्हणालो, "एक नंबर. गाडी एकदाही पडत नाही."

"शुअर ना काका?"

"अगं बघायला ये एकदा."

ती हसली. हायसं वाटल्यासारखं हसली. म्हणाली, मग थांबते थोडे दिवस, दिवाळीनंतर बघू.

फोन ठेवल्यावर बराच वेळ उठलो नाही. आपण काय बोललो ते कळत होतं. परत फोन करावा असंही वाटलं. केला नाही.

४ ऑक्टो., गुरु

गाडीनं सलग चाळीस फेऱ्या मारल्या. बावीस वर्षांतला उच्चांक. द. खूश. "अजून हात हाय बरं का रफिक," असं म्हणाला आणि उजवा हात खिशातून काढून माझ्यासमोर धरला. धरला तेव्हा थरथरत होता. त्यानं बघितलं, मीही बघितलं. मग दोघांनी गाडीकडं बघितलं.

जाताना भाभीला सांग म्हणाला, शिरखुर्मा ईदलाच करायचा असा नियम नाही. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेला. खराडीत दहा मॉल आहेत पण याला मेथी इथलीच लागते.

१३ ऑक्टो., शनि

द.ला आता यार्ड वाढवायचंय. दोन सांधे नवे, तेरा आणि चौदा. म्हणे हात चालतोय तोवर करून घेऊ. मी म्हणालो, जागा नाही. त्यानं टेप लावून जागा दाखवली.

गाडी पडत नाही म्हणून त्याला हुरूप आलाय. हा हुरूप मीच तयार केलाय, मधे पाच आणि बाराही केले. डोक्याला ताप.

१७ ऑक्टो., बुध

तेरा त्यानं काल बसवला. आज सकाळी मी सगळा उखडला आणि परत बसवला, तसाच, त्याच जागी, त्याच्यासारखे जाड डाग देऊन. अडीच तास. पाठ गेली.

ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापतो, रूळ वाढतात, सांध्यांची मापं दुपारी वेगळी आणि सकाळी वेगळी. त्याला सांगायला पाहिजे की सांध्याच्या दोन्ही अंगाला पत्त्याच्या जाडीएवढी फट ठेव. पण सांगणार कसं? त्याच्या दृष्टीनं सांधे उत्तम चाललेत.

२३ ऑक्टो., मंगळ

द. आला नाही. अकरा वाजता फोन केला, उचलला नाही. साडेबाराला मनीषाचा आला.

काल संध्याकाळी स्कूटरवरून पडला. नात मागं होती, ईश्वरी, सात वर्षांची, नाचाच्या क्लासहून आणत होता. वळणावर हँडल सावरलं नाही. समोरून कुणी नव्हतं, मागून कुणी नव्हतं. नुसता पडला. ईश्वरीच्या हनुवटीला चार टाके. द.चं डावं मनगट मोडलं. धडधाकट हात होता तो.

मनीषा सगळं शांतपणे सांगत होती.

२५ ऑक्टो., गुरु

खराडीला गेलो. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, उरलेल्या तुकड्यावर यांचा बंगला. द. पलंगावर, हात गळ्यात अडकवलेला. ईश्वरी हनुवटीला पट्टी लावून कार्टून बघत होती. मला म्हणाली, "आजोबा ढुपकन पडले." रडत नव्हती. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. कंपवात. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने असणार, लवकर आला असता तर गोळ्या सुरू झाल्या असत्या, स्कूटरही बंद केली असती.

मनीषा गेटपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही..." आणि थांबली. नंतर म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला तरी कसं कळणार."

तिथं सांगायला हवं होतं. मी रिक्षा बघितली.

२६ ऑक्टो., शुक्र

जुम्म्याला गेलो. मन लागलं नाही.

रात्रीच्या जेवणाला झुबेदाला सगळं सांगितलं. तिला कानस दिसली होतीच. मला वाटलं म्हणेल, मित्रासाठी केलंत. तसं काही म्हणाली नाही. ताट पुढं सरकवून म्हणाली, "तुम्ही त्याला वाचवलं नाही. त्याचं इथं येणं वाचवलं."

खरं आहे. मंगळ, गुरु, शनि. त्याला काम जमत नाही असं कळलं असतं तर तो आला नसता, मला माहीत आहे तो. कारखाना सुटला, मुलगी दुबईला गेली, आता माझ्याकडं हे तीन वार आहेत. ते जाऊ नयेत म्हणून मी एका पोरीला स्कूटरवर बसू दिलं.

जेवलो नाही.

३ नोव्हें., शनि

वर गेलो नाही. खोलीला कुलूप.

८ नोव्हें., गुरु

पाडवा. दरवर्षी द.कडून डबा येतो, चकली आणि त्याची ती दगडासारखी शंकरपाळी. आजही आला. त्याचा मुलगा अमोल देऊन गेला. मी चाखलीही नाही. झुबेदानं वाटून टाकली.

१० नोव्हें., शनि

मनीषाला फोन करून सांगितलं. सप्टेंबरमध्ये खोटं बोललो. सांधे तो चुकवत होता, मी सकाळी नीट करत होतो.

पलीकडून: "किती दिवस, काका?"

"सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बरं. थँक यू सांगितल्याबद्दल." फोन बंद. असा थँक यू मी आजवर ऐकला नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तासाभरानं मेसेज: बाबांना मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगा.

१७ नोव्हें., शनि

सांगितलं.

खराडीला, त्यांच्या वरच्या गॅलरीत बसलो होतो. गोळ्या सुरू झाल्यात. गोळी घेतल्यावर तीनेक तास हात बरा राहतो, मग परत. डाव्या हाताचं प्लास्टर अजून आहे. त्याला वाटलं मी चौदाबद्दल बोलायला आलोय. म्हणाला, "प्लास्टर सुटलं की पयला चौदा."

मी सांगितलं. एका दमात, आधी पाठ करून गेलो होतो तसं. तो समोरच्या काचेच्या इमारतीकडं बघत होता.

"किती?"

"काय किती?"

"किती सांध्यांना हात लावला तू?"

"आठ."

"कुठलं कुठलं?"

सांगितले. सात, चार, नऊ, अकरा, दोन, पाच, बारा, तेरा. तो उजव्या हाताच्या बोटांवर मोजत होता. बोटं हलत होती, मोजताना चुकला, परत सुरुवात केली.

"म्हंजी पाच माझं."

"हो."

"त्या चाळीस फेऱ्या?"

मी मान हलवली.

"मनीषानं इचारलं तवा काय सांगितलंस?"

"एक नंबर चाललंय म्हणालो."

खाली ईश्वरी सायकल चालवत होती. तो म्हणाला, "रेल्वेत असतास तर सस्पेंड केला असता तुला." मला वाटलं थट्टा करतोय, मी हसायला गेलो. तो थट्टा करत नव्हता.

"मला सांगायचं हुतं रफिक. गडी म्हनून सांगायचं. हात गेला तुझा, बस कर. मी काय, मेलो असतो का?"

निघताना उठला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२० नोव्हें., मंगळ

दुपारी एक वाजेपर्यंत उगाच जिन्याकडं लक्ष.

२४ नोव्हें., शनि

द.ला तीन फोन. उचलत नाही. मनीषाला विचारलं, तब्येत बरी आहे म्हणाली, बाकी काही नाही.

झुबेदा म्हणते, वर जाऊन गाडी तरी चालवा. मी गाडी चालवणार कुणाला दाखवायला? तेरा सांधे, आठ माझे, पाच त्याचे, आणि आता प्रत्येक सांधा कुणाचा हे मला पाठ आहे. पूर्वी ते नुसते सांधे होते.

१ डिसें., शनि

मनीषाचा फोन. "काका, बाबा विचारतायत, चौदाच्या जागेवर तुम्ही काही केलंय का?"

म्हणालो, नाही. पेन्सिलची खूण आहे फक्त, त्याचीच.

मागून द.चा आवाज आला, "कुलूप काढून ठिव म्हनावं. मंगळवारी येतो."

तिनं फोन ठेवण्याआधी हळूच सांगितलं, "मी आणून सोडते, मीच न्यायला येईन. काका, प्लीज. या वेळी जे असेल ते सांगायचं. मला पण आणि त्यांना पण."

४ डिसें., मंगळ

आला. तीन जिन्यांना पंचवीस मिनिटं लागली. मनीषा मागं, दोन पायऱ्या सोडून, हात न लावता. खोलीत आल्यावर सरळ सातजवळ गेला, वाकून बघितलं, नखानं माझा डाग खरवडला. "जाड दिलायस." म्हणालो, "तुझ्यासारखा." "माझा एवढा बी घान नसतो."

तेवढंच. पण मला त्यावर जेवण गेलं.

साडेअकराला गोळी घेतली, अर्ध्या तासानं चौदाला लागला. डावं मनगट प्लास्टरमधून सुटलंय पण कमजोर आहे. मी समोर बसून राहिलो. रूळ कापताना दोन तुकडे फुकट गेले. तिसरा बरोबर. अडीचच्या सुमाराला हात परत सुरू झाला. त्यानं लगेच कानस खाली ठेवली. मी चहा ओतला, अर्धा कप, म्हणजे सांडणार नाही. त्याच्या लक्षात आलं. "पुरा भर," म्हणाला. थोडा सांडला. कुणी पुसला नाही.

११ डिसें., मंगळ

चौदा झाला. तीन बैठका लागल्या, आज, शनिवारी आणि मागच्या मंगळवारी. पूर्वी दुपारी बसवून चहाला मोकळा व्हायचा.

डाग वेडेवाकडे. चेक रुळाचं माप त्यानं तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. मला म्हणाला, तू वाच. मी वाचलं, खरं तेच सांगितलं. "थोडा लांब आहे, पाव मिलिमीटर." त्यानं घासायला घेतलं आणि मधेच गोळीचा असर संपला.

खाली मनीषाचा हॉर्न वाजला. जिन्यात म्हणाला, "गाडी तू सोड सकाळी. दहादा. माझ्यासमोर नको. मग मला सांग."

मग परत दोन पायऱ्या वर आला. "हात लावलास तर मला कळंल."

कळणार नाही. आठ वेळा कळलं नव्हतं. त्यालाही ते माहीत आहे.

१२ डिसें., बुध

सकाळी वर गेलो. डबा चौदावरून ढकलला. दहातून सहा वेळा पडला.

कागद घातला. जीभ टेकते, ते काम त्यानं चांगलं केलंय. चेक रूळच तेवढा. एक पातळ पट्टी, एक डाग, दहा मिनिटांचं काम. कानस समोरच होती. बसून राहिलो. झुबेदा वर आली, दारातच उभी राहिली. मग तिनं खाली या, नाश्ता झालाय, असं सांगितलं आणि मी गेलो.

दिवसभर फोन केला नाही. काय सांगू ते ठरत नव्हतं. ठरवायचं काय होतं त्यात, तेही कळत नव्हतं.

१३ डिसें., गुरु

दहा वाजता त्याचाच फोन. नमस्कार-चमत्कार नाही.

"चौदा?"

"पडते."

"कितीदा?"

"दहात सहा."

मागं मिक्सरचा आवाज येत होता, कुणीतरी तो बंद केला. मला वाटलं फोन ठेवणार. मला वाटलं आता हा परत येत नाही, हे शेवटचं.

मग म्हणाला, "कुठलं चाक?"

"पुढचं. डावं."

"म्हंजी चेक रूळच."

"हो. पाव मिलिमीटर."

"डॉक्टर म्हनतो गोळी वाढवावी लागंल, पुढं पुढं असर कमी हुतो," म्हणाला. हे त्यानं मला पहिल्यांदाच सांगितलं. मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणायचं असतं ते मला येत नाही.

"शनिवारी येतो," म्हणाला. "तासभर तरी हात मिळंल."